फुटबॉल मॅनेजरमधले दैव आणि पौरुष

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरच्या खेळात प्रत्येक खेळाडूच्या नावामागे दोन आकडे दडलेले असतात. पहिला त्याच्या आजच्या कुवतीचा; खेळणारी मंडळी त्याला सीए म्हणतात. दुसरा कमाल कुवतीचा, म्हणजे हा खेळाडू फार तर कुठवर जाईल त्याचा; तो पीए. दोन्ही २०० पैकी मोजले जातात. सोळा वर्षांच्या एखाद्या मुलाचा सीए ६० आणि पीए १६५ असू शकतो. आज तो कनिष्ठ संघाच्या बेंचवर शोभेल. सगळे जमून आले तर उद्या देशाकडून खेळेल. सीए सरावाने, सामन्यांनी, दुखापतींनी वरखाली होत राहतो. पीए मात्र साधारणपणे एकदा ठरला की ठरला. आणि मॅनेजरच्या खुर्चीत बसलेल्याला यांतला एकही आकडा पडद्यावर सरळ दिसत नाही.

पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधल्या दोघा भावांनी १९९२ मध्ये हा खेळ ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने आणला; २००४ च्या अखेरीपासून तो ‘फुटबॉल मॅनेजर’ म्हणून निघतो. यात चेंडूला पाय लावायचा नसतो. संघ निवडायचा, डावपेच आखायचे, खेळाडू घ्यायचे-विकायचे. आणि यात मुरलेल्यांना सर्वांत गोडी असते ती कोवळी पोरे हेरून त्यांना घडवण्याची. अडचण ‘घडवणे’ या शब्दातच आहे. ज्याची शेवटची पायरी आधीच ठरलेली आहे त्याला घडवायचे म्हणजे काय करायचे?

भारतीय तत्त्वचिंतनात हा वाद दैव आणि पुरुषकार, किंवा दैव आणि पौरुष, या नावांनी चालत आला आहे. त्यावर रोजच्या व्यवहारात दिले जाणारे उत्तर ठरलेले आहे: थोडे नशीब, थोडे कष्ट. ते चुकीचे नाही, पण संगणकाला ते चालत नाही. नशीब किती, कष्ट किती आणि कोण कोणाच्या आड येतो, हे सगळे त्याला आकड्यांत सांगावे लागते. म्हणून हा खेळ तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतो. ज्यांनी तो रचला त्यांना हवे असो वा नसो, दैवाविषयी एक निश्चित भूमिका घ्यावीच लागली.

ती भूमिका पहिल्या नजरेला मक्खलि गोसालाची वाटते. बुद्धाच्या काळातला हा आजीविकांचा आचार्य नियतीपलीकडे काही मानत नसे. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात त्याचे मत सुताच्या गुंडाळ्याच्या दृष्टान्ताने सांगितले आहे. गुंडाळे फेकले की त्यात जेवढे सूत तेवढेच ते उलगडत जाते. तसे मूर्ख काय, शहाणा काय, प्रत्येक जण आपली ठरलेली वाट संपेपर्यंत फिरतो. पीए म्हणजे हे सुताचे माप, असे म्हणायचा मोह होतो. पण गोसालाचे गुंडाळे आपोआप आणि पूर्ण उलगडते. खेळातले बहुतेक वेळा मध्येच अडकते. १६५ चा मुलगा तेविसाव्या वर्षी ११० वर थांबलेला आहे, हे दृश्य कोणत्याही जुन्या सेव्हमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या डावात, पाहायला मिळते. पीए हे छप्पर आहे, आणि छप्पर उंच असले म्हणून घरातला माणूस उंच होत नाही.

मग प्रयत्न कशाला, हा प्रश्न तरीही विचारला जातो. खेळातही आणि खेळाबाहेरही. ग्रीकांमध्ये याला ‘आळशी युक्तिवाद’ म्हणत. रोगी बरा व्हायचाच असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, बरा होणारच. आणि व्हायचाच नसेल तर वैद्य काय करणार? मराठीत हे अर्ध्या ओळीत सांगून झाले आहे: असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. म्हण थट्टेतच वापरली जाते, यातच तिचे उत्तर आले. स्टोइक पंथाच्या क्रिसिपसने मात्र थट्टेवर न सोडता उत्तर दिले, आणि सिसेरोने ते नोंदवून ठेवले आहे. काही गोष्टी एकमेकींत गुंतूनच ठरलेल्या असतात, असे तो म्हणतो. रोग्याचे बरे होणे लिहिलेले असेल, तर वैद्याला बोलावणेही त्याच लिखितात आहे. खेळाच्या भाषेत सांगायचे तर १६५ हा आकडा ‘सामने मिळाले तर, सराव नेटाने झाला तर, गुडघा शाबूत राहिला तर’ या अटींसकटच अर्थपूर्ण आहे. अटी काढून टाकल्या की आकडा उरतो, अर्थ उरत नाही.

हा आकडा येतो कुठून, याचे उत्तर खेळाच्या इतिहासात बदलले आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एखादा नावाजलेला खेळाडू निवृत्त झाला की काही काळाने त्याच्याच धाटणीचा, तशाच कुवतीचा एक पोरगा नव्या नावाने कुठल्या तरी संघात उगवत असे. खेळणारे त्याला ‘रीजेन’ म्हणत. हा सरळसरळ पुनर्जन्म होता: देह नवा, नाव नवे, पूर्वसंचित तेच. तिशी-पस्तिशीचे स्ट्रायकर निवृत्त झाले की त्यांचा पुढचा अवतार कुठे प्रकटतो याचा शोध घेत हिंडणारे लोक होते. अवताराच्या शोधात निघालेल्या भिक्षूंशी त्यांचे साम्य त्यांना स्वतःलाही जाणवले असेल. पुढे ही पद्धत मागे पडली. आताच्या मुलांना ‘न्यूजेन’ म्हणतात, आणि ती कोणाचा पुनर्जन्म नसतात. वर्षातून एकदा, प्रत्येक देशात ठरावीक सुमारास, क्लबच्या अकादमीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची एक तुकडी येते. तिचा दर्जा त्या देशातल्या फुटबॉलची मुळे किती खोल आहेत, क्लब किती दूरवरून मुले वेचतो, लहानांना शिकवणारे कोच कसे आहेत, यांवर आणि उरलेला फाशांवर अवलंबून असतो. युवा विभागाच्या प्रमुखाचा स्वभावही मुलांत थोडाफार उतरतो. पूर्वकर्माची जागा देश, कुळ आणि योगायोग यांनी घेतली.

महाभारताच्या अनुशासनपर्वात दैव श्रेष्ठ की पुरुषकार, असा प्रश्न युधिष्ठिर भीष्मांना विचारतो. उत्तरादाखल भीष्म वसिष्ठ आणि ब्रह्मदेव यांचा जुना संवाद सांगतात. त्यात पुरुषकाराला शेत आणि दैवाला बीज म्हटले आहे. दोहोंच्या योगानेच पीक येते. न्यूजेनला ही उपमा नेमकी लागू पडते, पण एका दुरुस्तीसह. इथे शेताची प्रत चांगली असेल तर बीजही चांगले पडते. मोठ्या क्लबने अकादमीवर पैसा ओतला की पुढच्या तुकड्यांत चांगले पीए येण्याची शक्यता वाढते. एकाचा प्रयत्न दुसऱ्याचे दैव होतो. पोराला जन्मतः मिळालेले दान म्हणजे क्लबच्या संचालक मंडळाने पाच वर्षांपूर्वी मंजूर केलेला खर्च, असे निघाले तर ‘उपजत’ या शब्दाचा अर्थ जरा सैल करावा लागतो.

यापुढचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. पीए ही ‘वस्तू’ आहे का? म्हणजे मुलाचे पाय, फुप्फुसे, डोके, सराव, आहार, संधी हे सगळे मोजून झाल्यावर, त्यांच्याखेरीज ‘क्षमता’ नावाचे आणखी काही उरते का?

सांख्यांचे उत्तर होकाराकडे झुकते. कार्य कारणात आधीपासून असतेच, फक्त अव्यक्त असते. तिळातून तेल निघते, वाळूतून निघत नाही, कारण तेल तिळात होतेच. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत या सत्कार्यवादासाठी पाच कारणे दिली आहेत. त्यांतले एक असे की समर्थ कारण आपल्याला शक्य तेच घडवते, वाटेल ते नाही. खेळातला पीए हे या कारिकेचे अंकगणित म्हणता येईल. पण खरा तपशीलवार झगडा झाला तो मीमांसक आणि नैयायिक यांच्यात, ‘शक्ती’ या पदार्थावरून. मीमांसक म्हणत, शक्ती वेगळी मानावीच लागते. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला तर तोच अग्नी जाळत नाही, आणि मणी दूर केला की पुन्हा जाळतो. अग्नी तर दोन्ही वेळा दिसायला तोच आहे. मग मण्याने अडवले काय? अग्नीतली न दिसणारी दाहशक्ती. नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की जाळण्याच्या कारणांत ‘अडथळा नसणे’ हेही एक कारण धरा, की हिशेब पुरा होतो. दिसणाऱ्या कारणांची सामग्री जमली की कार्य होते, एकही कमी पडले की होत नाही. मध्ये अदृश्य शक्ती घालण्याचे प्रयोजन उरत नाही. उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त ही बाजू जोरकसपणे मांडली आहे.

फुटबॉल मॅनेजर मीमांसकांच्या पक्षाचा आहे. त्यात शक्ती स्वतंत्र नोंदलेली असते: मुलगा अकादमीत सडला तरी १६५, चमकला तरी १६५. संधी न मिळणे, चुकीचा कोच, लागोपाठच्या दुखापती हे सगळे मणी आहेत. आग आत तशीच आहे. खेळाची सगळी हुरहूर यातूनच येते. वाया गेलेल्या मुलाबद्दल वाईट वाटायला तो काय होऊ शकला असता हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते. नैयायिकाच्या जगात ‘वाया गेला’ हे वाक्य उच्चारणे जरा अवघड आहे. त्याच्या मते फक्त सामग्री जमली नाही.

आता स्वभावाकडे. इथे दैवाचा आणखी एक, आणि बहुधा अधिक घट्ट, पाश दिसतो. सीए पीएकडे किती वेगाने सरकेल हे ठरवणाऱ्या गोष्टींत खेळाडूच्या वृत्तीचे गुण मोठे असतात. व्यावसायिक शिस्त, महत्त्वाकांक्षा, जिद्द अशा गुणांना १ ते २० पर्यंत आकडे दिलेले असतात. जिद्द पडद्यावर दिसते. शिस्त आणि महत्त्वाकांक्षा झाकलेल्या असतात आणि ‘आदर्श व्यावसायिक’ किंवा ‘ढिलाईचा’ अशा एक-दोन शब्दांच्या स्वभाववर्णनावरून ओळखाव्या लागतात. शिस्तीला १८ असलेला मुलगा साधारण कोचच्या हाताखालीही वाढतो. ४ असलेल्याला सोन्याचे मैदान दिले तरी तो रेंगाळतो. म्हणजे ज्याला पौरुष म्हणायचे, तो कष्ट करण्याचा गुणच मुळात वाटून दिलेला आहे. पीए हे एक दान, आणि त्या दानाचे सोने करण्याची वृत्ती हे दुसरे दान. ज्याने कष्ट केले त्याचे कौतुक कशाबद्दल करायचे?

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या नावाने हा पेच चर्चेत आणला. माणसाचा स्वभावच नशिबाने मिळालेला असेल तर त्याला दोष किंवा श्रेय किती द्यायचे, हा त्याचा एक भाग. त्याआधी १९७१ मध्ये जॉन रॉल्सने ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये लिहिले होते की उपजत बुद्धी किंवा ताकद कोणी कमावलेली नसते, आणि कष्ट करण्याची तयारीसुद्धा बऱ्याच अंशी घर आणि परिस्थिती यांच्या कृपेने येते. योगवासिष्ठाने या पेचातून वेगळी वाट काढली आहे. त्याच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला ठासून सांगतात की दैव म्हणून काही वेगळे नाही. ते आपलेच जुने पौरुष आहे. मागचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन मेंढ्यांसारखे टक्कर घेतात, आणि ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. स्वभाव मिळालेला वाटतो, पण तोही आपणच केव्हातरी कमावला होता. न्याय आणि नियती यांची अशी सांगड घालण्याचे मोल मोठे आहे, पण त्यासाठी मागचा जन्म हवा. रीजेनच्या काळात तो होता. न्यूजेनला नाही, त्याचे आयुष्य अकादमीच्या दारात, पंधराव्या वर्षी, शून्यातून सुरू होते. त्याच्या शिस्तीच्या ४ ला जबाबदार कोणी नाही.

तरीही स्वभाव बदलता येतो, हे खेळाने मान्य केले आहे. पूर्वी एका ज्येष्ठ खेळाडूकडे एक पोरगा सोपवायची सोय होती. २०१९ च्या आवृत्तीपासून तिच्या जागी मेंटॉरिंग आले, म्हणजे काही खेळाडूंचा गट करायचा आणि त्यातल्या वजनदार ज्येष्ठांची वृत्ती लहानांत हळूहळू मुरू द्यायची. गुरुशिष्य परंपरा जाऊन सत्संग आला, म्हणा ना. वारकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. संगतीने स्वभाव पालटतो यावर त्या संप्रदायाची भिस्तच आहे. बारकावा असा की संगतीने पीए तसूभरही हलत नाही. बदलते ती त्याच्यापर्यंत जाण्याची चाल. आणि संगत उलटीही लागते. ढिलाईच्या ज्येष्ठांच्या गटात टाकलेला गुणी मुलगा त्यांच्यासारखाच होऊ लागतो. पोराला कोणाच्या शेजारी बसवायचे हे पोर ठरवत नाही.

सगळे आकडे ठरलेले असूनही खेळणाऱ्याला आपण काही करतो आहोत असे वाटते, याचे कारण ते त्याच्यापासून लपवलेले असतात. कोच आणि स्काउट आपापला अंदाज पाच ताऱ्यांत देतात. हे अंदाज सांगणाऱ्याच्या पारखीवर अवलंबून असतात, आणि पारख हाही १ ते २० मधला एक गुण आहे. शिवाय तारे सापेक्ष असतात: तोच मुलगा चौथ्या श्रेणीच्या क्लबात पाच ताऱ्यांचा आणि युरोपातल्या बलाढ्य क्लबात दीड ताऱ्याचा दिसतो. खेळणाऱ्याला सत्य मिळत नाही. कोण कुठून बघतो आहे त्यासह मत मिळते. जैनांच्या स्याद्वादाची ही बरी शाळा आहे.

ज्यांना एवढ्यावर भागत नाही त्यांच्यासाठी एडिटर आहे, आणि जिनी स्काउटसारखी बाहेरची साधनेही आहेत. ती लावली की पीए उघडा पडतो. बोएथियसने सहाव्या शतकात तुरुंगात बसून केलेला विचार इथे उपयोगी पडतो. एखादी गोष्ट आधीच कोणाला ठाऊक असणे आणि ती त्या ज्ञानामुळे घडणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. देव काळाबाहेरून पाहतो, ढकलत नाही. पण बोएथियसचा देव पाहून झाल्यावर कोणाचा करार रद्द करत नाही. एडिटर उघडणारा मॅनेजर करतो. पीए ९५ दिसला की मुलगा त्याच आठवड्यात क्लबबाहेर. १७० दिसला की त्याला सामने, चांगला कोच, उत्तम संगत. दोन वर्षांनी पहिला मुलगा ६० वर थांबलेला असतो, दुसरा १४० वर, आणि आकडा खरा ठरल्याचे समाधान मिळते. ९५ चा मुलगा ९५ पर्यंत गेला असता तर खालच्या श्रेणीतल्या एखाद्या संघाचा कणा झाला असता, हे तपासायला कोणी थांबत नाही. फार शहाणपणाने खेळण्याचा हा तोटा आहे.

काही जण आणखी पुढे जातात. तुकडी येण्याच्या आधीची सेव्ह जपून ठेवायची, मुले मनासारखी निघाली नाहीत तर ती पुन्हा उघडायची. बरेचदा वेगळीच मुले येतात. याला लबाडी म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि खेळापुरते ते बरोबरच आहे. तात्त्विकदृष्ट्या मात्र यात एक गंमत दिसते, आणि ती न्यूजेनपुरती नाही, खऱ्या खेळाडूंबाबतही आहे. खऱ्या, पण अजून न उमललेल्या काही मुलांबद्दल डेटा गोळा करणाऱ्यांना नेमका पीए सांगता येत नाही, तेव्हा ते ऋण आकडा लिहितात. -९ म्हणजे १५० ते १८० मधला कोणताही, -१० म्हणजे १७० ते २०० मधला. नवा डाव सुरू होताना त्यातला एक आकडा निघतो आणि त्या डावापुरता पक्का होतो. एकाच मुलाची एका सेव्हमध्ये एक नियती, दुसऱ्या सेव्हमध्ये दुसरी. दोन्हीकडे ती सारखीच अटळ. योगवासिष्ठातल्या लीलेच्या कथेत मेलेला राजा त्याच महालात, दुसऱ्या सृष्टीत, दुसऱ्या नावाने राज्य करत असतो. सेव्ह फाइल समजावून सांगायला याहून चपखल गोष्ट सापडणे कठीण आहे.

ऋण आकड्यांमुळे नजर अशा ठिकाणी जाते जिथे खेळणारे सहसा पाहत नाहीत: खऱ्या खेळाडूंचे पीए माणसे लिहितात. जगभर विखुरलेले, बहुतेक हौशी संशोधक आपापल्या क्लबचे सामने पाहून हे आकडे भरतात. एका डावात अढळ असलेला पीए पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत बदललेला असतो. मुलगा चमकला तर त्याची ‘उपजत’ क्षमता वाढवली जाते, मावळला तर कमी केली जाते. वसिष्ठांच्या मते कालचे कर्म आजचे दैव होते. इथे आजच्या कर्मावरून कालचे दैव नव्याने लिहिले जाते.

चेर्नो सांबा हे नाव त्यामुळेच हा खेळ खेळणाऱ्यांच्या पिढ्यांमध्ये टिकून आहे. गॅम्बियात जन्मलेला, लंडनच्या मिलवॉल क्लबात वाढलेला हा मुलगा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२’मध्ये जगातल्या सर्वोत्तम स्ट्रायकरांत जाऊन बसत असे. प्रत्यक्षात त्याची कारकीर्द स्पेनमधले कादिस, इंग्लंडमधले प्लिमथ, पुढे फिनलंड, ग्रीस, नॉर्वे अशी फिरत राहिली. फ्रेडी आडूची गोष्ट अधिक गाजली. एप्रिल २००४ मध्ये चौदाव्या वर्षी तो अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये डी. सी. युनायटेडकडून उतरला, नंतर बेन्फिका आणि मोनाकोपासून ब्राझील, सर्बिया, फिनलंडपर्यंत त्याने क्लब बदलले. अशा खेळाडूंबद्दल ‘क्षमता होती, पण फुकट गेली’ असे म्हणण्याची रीत आहे. हे मीमांसकाचे वाक्य. चौदाव्या वर्षी जे दिसले ते चौदा वर्षांच्या मुलाचे खेळणे होते आणि पुढची सामग्री जमली नाही, असे नैयायिक म्हणेल. त्याच्या म्हणण्यात कारुण्य कमी आहे, पण पुरावा जास्त आहे. उलट बाजूने जेमी वार्डी पाहावा. सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेने त्याला सोडून दिले. स्टॉक्सब्रिज, हॅलिफॅक्स, फ्लीटवूड अशा खालच्या पायऱ्या चढत तो २०१२ मध्ये पंचविसाव्या वर्षी लेस्टरला आला, २०१५ मध्ये सलग ११ प्रीमियर लीग सामन्यांत गोल करण्याचा विक्रम केला आणि २०१६ मध्ये विजेतेपदाच्या संघात होता. त्याच्यात ती शक्ती सोळाव्या वर्षीच होती का? होती म्हणायला हरकत नाही. मात्र ती होती हे २०१५ नंतरच कळले. आणि जे कार्यानंतरच कळते त्याला कारण म्हणून वेगळे मांडायचे का, हाच तर उदयनाचा आक्षेप.

पारखी लोकांना लहान मुलांत जे ‘उपजत’ म्हणून दिसते त्यातले काही निव्वळ पंचांगाचे असते. इंग्लंडच्या अकादम्यांत वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या ऑगस्टच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. दहाव्या-बाराव्या वर्षी तेवढ्या फरकाने उंची, वेग, ताकद सगळे वेगळे दिसते. मोठा मुलगा निवडला जातो, त्याला कोच आणि सामने मिळतात, आणि मग तो खरोखरच अधिक चांगला होतो. रॉजर बार्न्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीत ही गोष्ट दाखवून दिली. फुटबॉलच्या अकादम्यांतही वर्षाच्या पहिल्या तिमाहीतल्या मुलांची गर्दी पुन्हा पुन्हा आढळली आहे. जन्मतारखेवरून भविष्य ठरते हे ज्योतिषांचे म्हणणे इथे खरे निघाले, फक्त ग्रहांच्या जागी निवड समिती आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. मैदान, मुलगा, कोच आणि सराव, सामने, आणि शेवटी ज्याचा हिशेब लागत नाही ते. त्या यादीत दैव चौघांच्या रांगेत बसलेले आहे, त्यांच्या डोक्यावर नाही. फुटबॉल मॅनेजरने त्याला रांगेतून उचलून छपरावर ठेवले, कारण आकडेमोडीला छप्पर लागते. वाढ कुठेतरी थांबवली नाही तर वीस वर्षे चाललेल्या डावात सगळेच महान होतील. हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा व्यवहार होता. तो उलट वाटेने खऱ्या फुटबॉलमध्ये शिरतो तेव्हा मात्र सावध राहावे लागते. एव्हर्टनने २००८ मध्ये आपल्या स्काउटिंगसाठी या खेळाचा डेटा वापरण्याचा करार केला होता. अंदाजाच्या आकड्याला कारणाचे वजन यायला तेवढे पुरते.

दर हंगामाच्या अखेरीस मॅनेजरपुढे ज्यांचे करार संपत आहेत अशा मुलांची यादी येते. डझनभर नावे, प्रत्येकापुढे तारे, कोचचे एक-दोन वाक्यांचे मत. दोन-तीन ठेवायची, बाकीची सोडायची. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. सोडलेली मुले लगेच नाहीशी होत नाहीत. काहींना खालच्या श्रेणीतले संघ घेतात आणि त्यांतला एखादा सहा-सात वर्षांनी दुसऱ्या जर्सीत समोर येऊन गोल करून जातो. तेव्हा जुना अहवाल शोधून काढला जातो आणि कोचला दोष दिला जातो. बाकीच्यांना कोणी विचारत नाही. ज्या देशांच्या लीग त्या डावात चालू केलेल्या नसतात तिथे गेलेल्यांचे सामने तपशिलाने खेळलेही जात नाहीत. क्लब न मिळालेल्या मुलाचे नाव काही काळ बेकार खेळाडूंच्या यादीत राहते, मग त्याच्यापुढे ‘निवृत्त’ असे येते. वय वीस-एकवीस. पीए १५० असला तरी तो तसाच डेटाबेसमध्ये असतो, एडिटर उघडून कोणी पाहिले तर दिसेल असा.